ओढ्याच्या अलीकडे

करंजवाडीच्या ग्रामपंचायतीत नऊ पंच होते. त्यातले आठ बोलायचे आणि एक दमायचा. दमणाऱ्याचं नाव कोंडाजी.

कोंडाजी पंच कसा झाला ते गावात लग्नाच्या पंगतीत अजून सांगतात. पहिली पंचायत नेमायची म्हणून मारुतीच्या देवळात गाव जमलं होतं. आठ नावांवर एकमत झालं, म्हणजे भांडून भांडून सगळ्यांचे घसे बसले. नवव्या नावासाठी कुणाच्या अंगात जीव उरला नव्हता. यशवंतरावांनी मंडपात नजर फिरवली. ज्याच्याकडे बघावं तो आढ्याकडे बघायला लागला. एकटा कोंडाजी कुठंच बघत नव्हता; खांबाला टेकून तो गाढ झोपला होता.

"कोंडाजीला कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. झोपलेल्या माणसाला हरकत घेऊन भांडणार कुणाशी? झोपला तेव्हा कोंडाजी साधा शेतकरी होता, उठला तो पंच. यशवंतराव त्याचे चुलतभाऊ आणि गावचे सरपंच. तेव्हा पुढच्या निवडणुकांनाही नववं नाव शोधायची तसदी कुणी घेतली नाही.

पण त्या दिवशी जी झोप मोडली ती पुन्हा काही नीट लागली नाही. सभेचा शीण नांगरटीहून वाईट, असं कोंडाजी म्हणायचा. नांगरट केली की मागं वळून बघावं, तर निदान काही तरी उलथलेलं दिसतं. सभेहून घरी आला की तो ओट्यावर बसून गुडघे चोळायचा आणि बायको सुभद्राबाई विचारायची, "काय ठरलं?" कोंडाजी म्हणायचा, "पुन्हा बसायचं ठरलं."

त्याचा सगळा कारभार एका शब्दावर चालायचा. कुणी काही मागितलं की तो म्हणायचा, "व्हईल." गटाराचं काय, कोंडाजी? व्हईल. शाळेची कौलं? व्हईल. करंजवाडीत या शब्दाचा अर्थ पोराबाळांना ठाऊक होता: तुझं ऐकलं, आता घरी जा. त्यावर कुणी विसंबत नसे आणि कुणी रागवतही नसे. घरी जाऊन लोक आपापल्या कामाला लागत.

अडचण झाली ती परमुलखातली माणसं आली तेव्हा.

पिंपरीच्या माळावर औषधांचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्याच्या पाठोपाठ आणखी शेड उठू लागल्या, आणि चिंचवड स्टेशनवर वळकट्या घेऊन माणसं उतरू लागली. करंजवाडीला दोन काठ. ओढ्याच्या एका बाजूला गावठाण, चावडी, मारुती, शाळा आणि पंचायतीची विहीर. दुसऱ्या बाजूला मुरमाड माळ, जिथं कुसळांशिवाय काही उगवत नसे. त्या माळाचा एक तुकडा कोंडाजीचा. त्याच्यावर त्यानं मातीच्या भिंती आणि वर पत्रे अशा खोल्यांची एक रांग काढली. कुसळांपेक्षा माणसं बरी उगवतात असं दिसल्यावर इतरांनीही रांगा काढल्या. गावानं त्या वस्तीला नाव दिलं 'पलीकडल्या खोल्या'.

गंमत अशी की खोल्यांतली माणसंसुद्धा तसंच म्हणायची. स्वतःच्या उंबऱ्यात उभं राहून, ओढ्याकडे तोंड करून, पत्ता विचारणाऱ्याला सांगायची, "आम्ही पलीकडं राहतो." माणूस जिथं उभा आहे ती जागा त्याला पलीकडची कशी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. गाव जिथं, ते अलीकडे. बाकीचं जग पलीकडे.

या खोल्यांत पाणी नव्हतं. पंचायतीची विहीर गावठाणात, आणि तिथं गेलं की गावच्या बायका म्हणायच्या, "आमचंच भागंना, तुमी कुठं आलाय?" मग खोल्यांतल्या बायका कोंडाजीच्या मळ्यातल्या विहिरीवर येत. पहाटेपासून रांग. पोहरा वर येईतो हात भरून यायचे. वैशाखात पाणी तळाला गेलं की कोंडाजीची वांगी सुकायची, सुभद्राबाई बायकांवर ओरडायची, बायका सुभद्राबाईवर ओरडायच्या, आणि दोन्हीकडून थकून सगळ्याजणी मिळून कोंडाजीवर ओरडायच्या. खोल्यांसाठी पंचायतीनं एक विहीर खणावी, एवढंच त्यावर औषध होतं. पण ज्या आळीचा पंच, त्या आळीची विहीर, हा करंजवाडीचा अलिखित कायदा होता.

असं सगळं चाललेलं असताना वरून हुकूम आला, की पुढच्या निवडणुकीआधी गावाचे वॉर्ड पाडा. आजवर सगळं गाव एका घोळक्यात मत द्यायचं. आता हद्दी आखायच्या होत्या.

त्या रविवारी ज्योतीराम कोंडाजीच्या ओट्यावर आला. ज्योतीराम म्हणजे खोल्यांतला पहिला भाडेकरू, धाराशिवकडचा. निजामाचा तो मुलूख नुकताच मुंबई राज्यात आला होता, पण गावातली म्हातारी माणसं अजून त्याला मोगलाईतला म्हणत. कारखान्यात पाळीवर जायचा. लिहितावाचता होता आणि त्याहून वाईट म्हणजे ऐकलेलं लक्षात ठेवायचा.

"दादा, वॉर्ड पडायलेत म्हणं."

"पडू दे. काय तरी पडत ऱ्हातंच."

"तसं न्हाई. ओढ्यावरनं हद्द गेली तर आमच्या खोल्यांचा येगळा वॉर्ड हुतोय. मंग आमचा बी एक पंच. पंच झाला की हीर." ज्योतीराम पुढं सरकला. "तुमी सभेत बसता. आमाला एक पंच मिळंल का न्हाई, तेवढं सांगा."

कोंडाजीचे गुडघे त्या दिवशी जास्तच दुखत होते. तो म्हणाला, "व्हईल."

ज्योतीराम उठला, कोंडाजीच्या पायाला हात लावला आणि गेला. कोंडाजीला जरा विचित्र वाटलं. 'व्हईल'वर आजवर कुणी पाया पडलं नव्हतं. तासाभरात ज्योतीरामची बायको कौशल्याबाई गुळाचा खडा घेऊन आली. "दादांनी शबूद दिला म्हणं. सगळ्या खोल्यांत वाटलाय."

ती गेल्यावर सुभद्राबाई नवऱ्याकडे बघत राहिली. "तुमी काय म्हनलात त्यास्नी?"

"व्हईल म्हनलो."

"अवो, ती मोगलाईतली मानसं! त्यांच्यात व्हईल म्हंजी व्हईल!"

कोंडाजीनं गूळ तोंडात टाकला होता. आता थुंकायचाही कसा?

सभेचा दिवस आला आणि नेमके त्याच दिवशी हिवतापवाले आले. पाठीला पंप बांधून त्यांनी डीडीटी फवारली आणि चावडीच्या भिंती पांढऱ्याफेक केल्या. वासानं आत पाऊल ठेववेना. शाळेत परीक्षा. देवळात कुणाचं तरी जावळ. चिटणीस नानासाहेब चिंचवडहून सायकल मारत आलेले, निवृत्त मास्तर, घामानं डबडबलेले, ते म्हणाले, "कुठंही बसा, पण बसा. मी पुन्हा येणार नाही." तेव्हा कोंडाजीच्या तोंडून निघून गेलं, की खोल्यांच्या रांगेतली शेवटची खोली रिकामी आहे. नऊ पंच आणि एक चिटणीस धोतरं सावरत ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेले. करंजवाडीची पंचायत ओढा ओलांडून बसल्याची ती पहिलीच वेळ.

यशवंतरावांनी खडूनं जमिनीवर गाव काढलं. मग ओढ्याला आडव्या दोन रेघा मारल्या. लांबच लांब तीन पट्टे झाले. प्रत्येक पट्ट्यात गावठाणाचा मोठा तुकडा आणि शेपटीला थोड्या खोल्या.

"हे तीन वॉर्ड. प्रत्येकी तीन पंच. गाव एक राहील."

गोजाबाई दाराशी बसली होती. बायकांच्या जागेवरची ती एकटी पंच, पण डोक्यावरचा पदर सोडला तर तिचं काहीच आवरलेलं नसे. ती वाकून बघत म्हणाली, "यशवंता, ह्यो गाव न्हाई, ताट हाय. तिन्ही पानांत भाकर आन् कडंला जरा जरा लोणचं."

"लोणचं कोण?"

"ज्यांच्या खोलीत बसलायस ती मानसं. प्रत्येक पानात एवढी एवढीशी. म्हंजी कुटंच त्यांचा पंच निवडून येत न्हाई."

"बरोबर आहे मग," यशवंतराव शांतपणे म्हणाले. "काल आली, उद्या कंपनी बंद पडली की जातील. मोगलाईतली माणसं आता करंजवाडीचा कारभार बघणार?"

दुसऱ्या बाजूचं म्हणणं सोपं होतं: देवानं ओढा घातलाय, तीच हद्द. गावठाणाला सात पंच, खोल्यांना दोन. हे म्हणणाऱ्या तिघांच्याही पलीकडे खोल्या होत्या, तेव्हा त्यांचं हे देवभोळेपण भाड्याच्या अंगानं आलं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. दुपार कलली. पत्रा तापला. एकेक मुद्दा चारचारदा येऊन गेला, आणि बोलणारे आठहीजण आपापल्या बाजूला चार-चार झाले. मग सगळ्यांनी एकदमच कोंडाजीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडच्या खोलीत बायका कुजबुजत होत्या. कौशल्याबाईचा आवाज कोंडाजीनं ओळखला. गूळ आठवला.

"ओढा," तो म्हणाला.

"काय ओढा?"

"हद्द. ओढाच बरा."

पाच विरुद्ध चार. यशवंतरावांनी खडू खिडकीतून फेकला. नानासाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात ठराव लिहिला: ओढ्याच्या अलीकडील घरे वॉर्ड पहिला, जागा सात, ओढ्याच्या पलीकडील घरे वॉर्ड दुसरा, जागा दोन. आणि मास्तरकीची सवय म्हणून वर कोपऱ्यात सभेचं ठिकाणही लिहिलं: ओढ्याच्या पश्चिम तीरावरील नव्या खोल्या.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या कचेरीतून मंजुरी आली, नकाशासकट. कचेरीतला कुणी करंजवाडीला आलेला नव्हता. नकाशा काढणाऱ्यानं ठिकाण वाचलं, पश्चिम तीर पाहिला, आणि तिथं बसलेल्या माणसाला अलीकडे कुठलं आणि पलीकडे कुठलं ते चोख ठरवून टाकलं. नकाशात खोल्यांना सात पंच होते. गावठाण, चावडी, मारुती, पाटलाचा वाडा, सगळ्यांना मिळून दोन.

चावडीसमोर जी गर्दी झाली तशी गावात लांडगा शिरला तेव्हाही झाली नव्हती.

"नानासाहेब, गाव विकलंत!"

"माझं मराठी शुद्ध आहे," नानासाहेब सायकल घट्ट धरून म्हणाले. "अलीकडे म्हणजे अलीकडेच लिहिलंय. तुम्ही सभा पलीकडे घेतलीत त्याला मी काय करू?"

"मग पलीकडं नेली कुणी सभा?"

पुन्हा सगळ्यांनी कोंडाजीकडे पाहिलं. दहा वर्षांत त्याच्याकडे जेवढं बघितलं गेलं नव्हतं, तेवढं या दोन महिन्यांत बघितलं गेलं.

संध्याकाळी ज्योतीराम धावत आला. पाळी सुटल्यावर तो सरळ मळ्यावर आला होता, कपड्यांना औषधाचा कडू वास. चेहरा असा फुललेला की कोंडाजीला बघवेना.

"दादा! एक म्हणला हुता, सात दिले!"

"बस खाली."

"सात पंच म्हंजी, दादा, हीर काय, नळ येतोय!"

कोंडाजीनं त्याला अलीकडे-पलीकडे समजावलं. दोनदा समजावलं. ज्योतीराम ऐकत गेला आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले. मग म्हणाला, "बरं. सात न्हाई तर न्हाई. दोन तर हायेत की. ठरल्यालं."

"हायेत," कोंडाजी म्हणाला. यावेळी त्यानं नेहमीचा शब्द वापरला नाही. तो आता फार महाग झाला होता.

पण यशवंतराव काही नुसते सरपंच नव्हते. चूक दुरुस्त करायला सभा लागली आणि सभा म्हटल्यावर सगळंच नव्यानं निघालं. यावेळी ती चावडीतच बसली. औषधाचा वास अजून होता, पण ओढा ओलांडायचं नाव कुणी काढलं नाही.

"बघितलंत ना?" यशवंतराव म्हणाले. "ओढा हद्द धरली की कुणीही कसाही उलटा करतो. उद्या ओढ्यानं पात्र बदललं तर? माझे पट्टे बरे. त्यांना अलीकडे नाही, पलीकडे नाही."

कोंडाजी खांबाला टेकला होता. तो सरळ झाला. सभेला आलेल्या माणसांना वाटलं, पाठ अवघडली असेल.

"मला बोलायचंय."

नानासाहेबांची लेखणी थांबली. हे कसं लिहायचं त्यांना कळेना.

"चूक अक्षराची झाली," कोंडाजी म्हणाला. "ती अक्षरानं दुरुस्त करा. पूर्व लिवा, पश्चिम लिवा. हद्द कशापाई मोडायची? ती मानसं घरपट्टी भरत्यात, मतं देत्यात, पानी मातर माझ्या हिरीतनं नेत्यात. किती दिस? माझी बायकू वरडून वरडून दमली. त्यांच्या बायका वढून वढून दमल्या. त्यास्नी त्यांचा मानूस द्या, तो वरडंल हितं येऊन. बास, येवढंच."

"तुला भाडं जातंय म्हणून बोलतोस," कुणी तरी म्हणालं.

"व्हय, जातंय की. भाडं देतोय त्याला पानी नको व्हय?"

दहा वर्षांतलं ते त्याचं पहिलं भाषण. त्यानं कुणाचं मत बदललं म्हणावं, तर बदललं एकाचंच, तेही उलटं. हात वर झाले तेव्हा गोजाबाईचा हात पट्ट्यांच्या बाजूला होता. पाच विरुद्ध चार, पण आता पाच तिकडे.

चावडीच्या पायरीवर ती कोंडाजीजवळ थांबली. त्याच्याकडे न बघता पदराचं टोक पिळत म्हणाली, "पोरगं कारखान्यात लागतंय रं. यशवंतानं साहेबाला सांगितलंय. दोन वर्सं झाली नुसतं पत्त्यात बसून हाय."

"लागू दे," कोंडाजी म्हणाला. राग यायला जी ताकद लागते ती त्याच्यात नव्हती, आणि गोजाबाईतही तो सोसायची उरली नव्हती. दोघं आपापल्या वाटेनं गेले.

ज्योतीरामला सांगायचं होतं. कोंडाजी ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेला, मधल्या दगडावर जरा टेकला, आणि मग खोल्यांकडे चढला. ज्योतीराम दारात बाजेवर बसला होता. बातमी आधीच पोचली होती; वाईट बातमीला ओढा आडवा येत नाही.

"दादा, तुमी बोलला म्हणं सभेत."

"बोललो."

"लई बोलला म्हणं."

"पडलो की पण."

"पडायचंच हुतं ते," ज्योतीराम म्हणाला. "आमाला ठावंच हुतं." आणि आत वळून, "कौशल्या, दादांना पाणी दे."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर कोंडाजी घरी जाऊन झोपला असता. पण कौशल्याबाईनं तांब्या आणला. त्याच्याच विहिरीचं पाणी, तिनं पहाटे उठून ओढलेलं. कोंडाजीनं तांब्या हातात धरला आणि त्याला ते पाणी काही केल्या पिववेना. या माणसांनी त्याच्या नुसत्या तोंडदेखल्या शब्दावर गूळ वाटला होता. गाव दहा वर्षं त्याच्या शब्दाची किंमत ओळखून होतं. यांनी एकट्यांनी तो खरा धरला होता.

"ज्योतीराम," तो म्हणाला, "माझा मळा आन् तुझी खोली एकाच पट्ट्यात येती का?"

"येती. मधल्या."

"मग तू हुबा ऱ्हा."

"तुमच्या इरोधात?"

"मी न्हाई ऱ्हात."

घरी सुभद्राबाईनं ऐकून घेतलं आणि चुलीत लाकूड सारलं. तिला वाटलं दमणूक डोक्यात गेली. पण ती एवढंच म्हणाली, "उभं न्हाई ऱ्हायलात तर सभंला जावं लागनार न्हाई?"

"न्हाई."

"मग बरंच की."

दुसऱ्या दिवशी यशवंतराव स्वतः मळ्यावर आले. बांधावर उभे राहिले, वांग्यांकडे बघितलं, घरच्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "कोंडाजी, वेड लागलं का? तुझी जागा बिनविरोध. आपली सगळी भावकी त्या पट्ट्यात."

"म्हनूनच."

"परका माणूस घालतोस घरात?"

"यशवंता, मी दमलोय."

"दमायला तू केलंस काय दहा वर्षं?"

"बसलो." कोंडाजीनं खुरपं पुसलं. "तू बोलतोस, तुला न्हाई कळायचं. बसनारा जास्त दमतो."

यशवंतराव हसले. त्यांनाही कुठं तरी हायसं वाटलं असावं. मोगलाईतला एकटा माणूस गावठाणाची मतं घेऊन निवडून येतो कसला! उन्हात परत जाताना त्यांनी दोन वांगीही मागून नेली.

कोंडाजी ज्योतीरामला घेऊन आपल्या भाऊबंदांची दारं फिरू लागला. प्रचार कसा करतात ते दोघांनाही माहीत नव्हतं. ज्योतीराम कारखान्यातून आलेला असायचा, जांभया देत; कोंडाजीचे गुडघे दर उंबऱ्याला कुरकुरायचे. दारात जाऊन दोघं आधी पाणी मागायचे.

"काय रं कोंडाजी, पलीकडचा झालास काय?" चुलते विचारायचे.

"न्हाई. दमलोय. माझ्या जागी ह्यो बसंल. कारखान्यात बदली मानूस असतो ना, तसा."

"बदली?"

"व्हय. माझी बदली."

हे मात्र गावाला पटलं. विहीर, हक्क, मोगलाई, यातलं काहीही बोलला असता तर भांडण झालं असतं. पण दमलेल्या माणसानं आपल्या जागी दुसरा द्यावा, यात वावगं काय? बैल थकला तर शेजाऱ्याचा जुंपतातच की. शिवाय सगळ्यांचा एक हिशेब होता: कोंडाजीची बदली म्हणजे कोंडाजीसारखीच असणार. खांबाला टेकून बसेल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा पंच कुठल्याही आळीला परवडतो. एक चुलती तेवढी म्हणाली, "बदली हाय तर झोपंल का नीट?" ज्योतीराम म्हणाला, "झोपंन, काकू. लई दिस झाले झोपून." त्यावर घर हसलं आणि त्या घराची मतं आली.

ज्योतीराम निवडून आला. पट्ट्यातल्या तीन जागांपैकी तिसऱ्या जागेवर, घासून, पण आला. खोल्यांत पुन्हा गूळ वाटला गेला. यशवंतराव आपल्या पट्ट्यांकडे दोन दिवस बघत राहिले आणि मग पुन्हा सरपंच झाले.

नव्या पंचायतीची पहिली सभा एका रविवारी दुपारी होती. ज्योतीरामनं ओव्हरटाइम सोडला, धुतलेला सदरा घातला आणि विहिरीचा अर्ज खिशात घालून गेला. कोंडाजी मळ्यात होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच सभा चालू असताना तो मोकळा होता आणि त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. वांग्यांना पाणी दिलं. पुन्हा दिलं. सुभद्राबाई म्हणाली, "बुडवताय का झाडं?"

ऊन उतरायला ज्योतीराम आला. ओट्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय ठरलं?" सुभद्राबाईनं विचारलं.

"देवळाला रंग कोणता द्यायचा त्येच्यावर बोलायलेत दुपारधरनं."

"कोंचा ठरला?"

"ठरलाच न्हाई. शेंदरी का पिवळा. नानासाहेब म्हणाले हिरीचा इषय पुढल्या सभंला घेऊ." त्यानं खिशातून अर्ज काढला, घामानं भिजलेला, पुन्हा घडी केली. "मी दोनदा उठलो, दादा. दोनदा खाली बसा म्हणाले. तिसऱ्यांदा उठलो तर यशवंतराव म्हणाले, कोंडाजी असा न्हवता."

"मग?"

"मग मी उभाच ऱ्हायलो. सभा उठंपातूर. कुणी काय इचारलं न्हाई. पाठ गेली पार."

कोंडाजी उठला. तो आत गेला आणि सुभद्राबाईला म्हणाला, "च्या टाक. गूळ जास्त." चहा होईपर्यंत विहिरीवर बायका जमल्या होत्या, पोहऱ्याचा आवाज, घागरींचा आवाज, आणि पाळी कुणाची ते सांगणारा कौशल्याबाईचा आवाज. पाणी अजून त्याच विहिरीचं होतं आणि पुढचे काही महिने तरी तसंच राहणार होतं, हे कोंडाजीला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो कपबशी घेऊन बाहेर आला तर ज्योतीराम ओट्यावरच आडवा झाला होता. वहाणा पायात, हात सदऱ्याच्या खिशावर, तोंड उघडं. कौशल्याबाई डोक्यावर घागर घेऊन वाटेनं जाताना थांबली.

"अगं बाई, हे हितंच लवंडले! उठवते, दादा. रात्रपाळी हाय."

"आजून अवकाश हाय," कोंडाजी म्हणाला. त्यानं कपबशी खाली ठेवली आणि ज्योतीरामच्या अंगावर ऊन येत होतं तिथं आपण सरकून बसला. "निजू दे त्याला घडीभर. पंच हाय त्यो."